चेहरा ब्लर करू म्हणाले होते

टीव्हीवर मुलाखत द्यायला आईच्या अटी तीनच होत्या. चेहरा दिसता कामा नये, आवाज बदलायचा आणि नाव-आडनाव कुठंही येऊ द्यायचं नाही. बातमीदार मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सोफ्याच्या कडेला अवघडून बसला, चहा घेतला, "काकू, तुम्ही बोललात तर आणखी चार जण वाचतील" म्हणाला. निघाल्यावर जिन्यातूनच त्यानं व्हॉट्सॲप केलं : "काकू चेहरा ब्लर करणार, आवाज पण चेंज करतो, नाव येणार नाही. टेन्शन घेऊ नका." शेवटी जोडलेले हात. पुढच्या सहा महिन्यांत या एका मेसेजचे आम्ही किती प्रिंट काढले असतील, त्याचा हिशेब कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेच असेल.

जानेवारी २०२५ मध्ये आई 'डिजिटल अरेस्ट'मध्ये सापडली. पार्सलमध्ये ड्रग्ज मिळालेत, व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस, फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. दोन दिवस ती घरातल्या घरात कैदेत होती. सहा लाख चाळीस हजार गेले. अशी अटक कायद्यात नसतेच, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. आईनं ते ऐकलंही होतं, आणि तरीही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पंच्याऐंशी हजार बँकेत गोठवले गेले. बाकीचे अजून 'तपासात' आहेत. पण आजचा विषय तो नाही.

आई एकतीस वर्षं शाळेत शिकवत होती. आपली चूक फळ्यावर लिहून दाखवायची सवय तिला आहे, म्हणून ती बोलायला तयार झाली. फक्त दादाला कळू द्यायचं नव्हतं. दादा कॅनडात असतो. त्याच्या घराच्या हप्त्यांची काळजी तिला आमच्यापेक्षा जास्त. "त्याला वाटेल म्हातारीला आता एकटं ठेवणं बरं नाही," हे तिचं कारण. ते तिनं त्या मुलालाही सांगितलं होतं, कॅमेरा बंद असताना.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दुपारी चारला आईचा फोन आला. मी ऑफिसात. "मी दिसतेय गं टीव्हीवर. सगळी." एवढंच बोलली.

रात्री साडेनऊच्या बातमीपत्रात तिचा चेहरा खरोखर धूसर केलेला होता. पण त्याचा प्रोमो दुपारपासून दर अर्ध्या तासानं चालू होता, आणि त्यात आई स्वच्छ दिसत होती : चष्मा, कपाळावरची टिकली, मागे दाराची चौकट आणि चौकटीवर बाबांच्या नावाची पितळी पाटी. खाली पट्टी, 'निवृत्त शिक्षिकेला साडेसहा लाखांचा गंडा'. आवाज तर दोन्हीकडे तिचाच. रात्री सव्वादहाला तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. प्रोमो त्यानं पाहिलाच नव्हता, फक्त धूसर केलेली बातमी पाहिली होती. "बाई, तुम्ही 'म्हणजे कसं बघा' म्हणालात आणि मी ताट बाजूला ठेवलं." इतका गुणी मुलगा, पण त्या फोननंतर आईनं फोनच बंद करून ठेवला. आवाज न बदलता नुसता चेहरा झाकला तर काय होतं, हे पुढे सुनावणीत समजावून सांगायला मला त्याच फोनचा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाचा फोन माझ्या मोबाईलवर आला. वहिनीच्या मामेबहिणीनं क्लिप पाठवली होती. तो चिडला नाही. "आई, मला सांगायचं नाहीस?" एवढंच विचारलं. आईला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही.

इथून पुढे तारखांनुसार सांगते, कारण त्या आठवड्यात रात्री-बेरात्री मी जे शोधत होते ते मला कुठं सापडलं नाही. कायद्याची कलमं भरपूर सापडली. त्यानंतर काय करायचं ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

१२ तारखेला पहिला फोन बातमीदाराला. तो हादरलेला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्क्रिप्टवर त्यानं मोठ्या अक्षरांत 'चेहरा ब्लर, आवाज बदल' लिहिलं होतं. पण प्रोमो दुसरेच लोक करतात, त्यांनी थेट रॉ फुटेजमधून कापला. मला ते खरं वाटलं, आजही वाटतं. "हेच मला लिहून पाठव" म्हटल्यावर मात्र तो गप्प झाला, आणि दोन दिवसांनी फोन उचलणं बंद केलं. त्याच्यावर ओरडले नाही हे एक बरं केलं. आणि त्याचा तो मेसेज डिलीट व्हायच्या आत तारीख, वेळ, नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले, हे दुसरं.

पुरावा त्याच दिवशी गोळा करा. मावसभावानं प्रोमो टीव्हीवरून मोबाईलनं शूट केला होता; त्यात सेट-टॉप बॉक्सवरचा चॅनल क्रमांक आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ, दोन्ही आले. त्याला आधी हसलो, नंतर तेच सगळ्यात कामाला आलं. यूट्यूबवरचा व्हिडिओ उतरवून घेतला, पानाचा पत्ता, वेळ आणि तेव्हाची दर्शकसंख्या वहीत लिहिली. वाहिन्यांना प्रक्षेपित केलेलं सगळं नव्वद दिवस जपून ठेवावं लागतं. म्हणून पहिल्याच पत्रात 'सदर दिवसाचं संपूर्ण रेकॉर्डिंग आणि आमच्या घरी केलेलं मूळ चित्रीकरण नष्ट करू नये' असं एक वाक्य टाका. नव्वद दिवस पटकन जातात.

पोलीस ठाण्यातही जाऊन आले. चाळीस मिनिटं बाकावर, मग साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे दिवाणी आहे." अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. तो शिक्क्याचा कागदही फाईलला लावून ठेवला.

यूट्यूबवर गोपनीयतेची तक्रार करायची सोय आहे, पण ती ज्याची त्यानं करायची असते. मी आईच्या वतीनं भरत बसले आणि अडकले. शेवटी आईच्या शेजारी बसून तिच्याच खात्यातून भरली. कुठल्या सेकंदाला चेहरा दिसतो, कुठल्या सेकंदाला पाटी, असं नेमकं लिहावं लागतं. म्हणजे तो व्हिडिओ तिला माझ्याबरोबर पुन्हा पुन्हा बघावा लागला. "शून्य मिनिटं सात सेकंद," ती सांगत होती आणि मी टाईप करत होते. खाली लोकांच्या कमेंट. 'एवढी शिकलेली बाई' हे वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं आणि "शुद्धलेखन बरं आहे" म्हणाली. ती अशीच आहे. टाकणाऱ्याला यूट्यूब अठ्ठेचाळीस तासांची मुदत देतं. तिसऱ्या दिवशी वाहिनीनं प्रोमो काढला. पूर्ण बातमी तशीच राहिली, मूळ आवाजासकट.

१४ फेब्रुवारीला वाहिनीकडे लेखी तक्रार. केबल टेलिव्हिजनच्या नियमांत जून २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरल्या : आधी वाहिनी स्वतः, मग वाहिन्यांचं स्वनियामक मंडळ, शेवटी केंद्र सरकारची आंतरविभागीय समिती. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता वाहिनीच्या वेबसाइटवर असायलाच हवा. आम्हाला तो पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत सापडला. चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय, असा नियम आहे. पोच सोमवारी, १७ तारखेला आली. काही मंडळांच्या नियमांत प्रक्षेपणापासून सात दिवसांत वाहिनीकडे तक्रार गेलेली असावी लागते, तेव्हा रडायला दोन दिवस घ्या, पण आठवडा घालवू नका.

तक्रार मी पहिल्यांदा चार पानी लिहिली होती. त्यात बाबांचं आजारपण होतं, दादाची नोकरी होती. आईनं ती वाचून लाल पेनानं साडेतीन पानं काढून टाकली. उरलं ते असं : कोणती वाहिनी, कोणता कार्यक्रम, तारीख, वेळ, काय कबूल केलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट, काय दाखवलं, आम्हाला काय हवं. 'काय हवं' यात तिनं तीन ओळी लिहिल्या : सगळीकडून काढा, चूक झाली असं लेखी द्या, पुन्हा होणार नाही यासाठी काय करणार ते सांगा. पैशाचा उल्लेख नव्हता.

उत्तर ३ मार्चला आलं, म्हणजे मुदत उलटून दोन दिवसांनी. एका पानाचं, इंग्रजीत. मथितार्थ असा की बातमी जनहिताची होती, बाई स्वतःहून कॅमेऱ्यासमोर बसल्या म्हणजे संमती होतीच, मुख्य बातमीपत्रात चेहरा झाकला होता, आणि प्रोमो 'अनवधानानं' गेला व तात्काळ काढला. दिलगिरीचा शब्द कुठंच नाही. मला जास्त राग 'तात्काळ'चा आला. तीन दिवस!

मग वकील. ओळखीतून एक वकीलबाई मिळाल्या. पहिल्या भेटीचे दीड हजार, नोटिशीचे सहा हजार. मी 'मानहानी' 'मानहानी' करत गेले होते. त्यांनी थांबवलं. दिवाणी मानहानीत दाखवलेलं खोटं असावं लागतं, इथं तर सगळं खरं होतं. खरं आहे म्हणूनच तर आईनं ते झाकून ठेवायला सांगितलं होतं. आमचा दावा दोन गोष्टींचा : खासगीपणाचा भंग आणि विश्वासभंग.

खासगीपणाचं बरंचसं मला वर्तमानपत्रातून माहीत होतं. २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायाधीशांचा, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा. त्याच्या आधी १९९४ मध्ये राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की माणसाला त्याच्या वाट्याला सोडलं जाण्याचा हक्क आहे. त्याच्या खासगी गोष्टी संमतीशिवाय छापल्या तर, त्या खऱ्या असल्या तरी, नुकसानभरपाई मागता येते. सार्वजनिक दप्तरात असलेल्या गोष्टींना अपवाद आहे.

विश्वासभंग हा शब्द मात्र मला नवा होता. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही, इंग्लंडच्या न्यायालयांतून आलेलं तत्त्व आहे. वकीलबाईंनी बोटांवर मोजून तीन प्रश्न सांगितले. माहिती गोपनीय होती का? ती गुप्त ठेवायच्या बोलीवर दिली होती का? आणि ती बोली मोडून वापरली का? मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात हे तत्त्व टीव्हीच्या बाबतीत लावलं होतं. तिथं प्रश्न एका मालिकेच्या कल्पनेचा होता. विश्वासात सांगितलेली कल्पना वाहिनीनं वापरू नये, असा मनाई हुकूम न्यायालयानं कायम ठेवला. "कल्पनेला जे लागू, ते तुमच्या आईच्या चेहऱ्याला का नाही?" असं त्या म्हणाल्या, आणि लगेच जोडलं, "पण हे मला न्यायाधीशांना पटवावं लागेल. चेहऱ्याचा असा थेट निकाल माझ्या हाताशी नाही." खोटी आशा दाखवली नाही याचं मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात रात्री वाचताना मला ब्रिटनमधलं पेक प्रकरण सापडलं आणि मी अंथरुणात उठून बसले. जेफ्री पेक नावाचा माणूस १९९५ मध्ये, आयुष्यातल्या फार वाईट रात्री, ब्रेंटवुडच्या रस्त्यावर चालत होता. नगरपालिकेच्या सीसीटीव्हीत तो टिपला गेला. कॅमेऱ्यांचा उपयोग दाखवायला नगरपालिकेनं ते चित्रीकरण माध्यमांना दिलं. एका वाहिनीनं चेहरा झाकला तो इतका कच्चा की ओळखीच्यांनी ओळखलं. बीबीसीच्या कार्यक्रमात चेहरा झाकायचं ठरलं होतं, पण कार्यक्रमाच्या जाहिरातीत तो झाकलाच नव्हता. जाहिरातीत! म्हणजे आमचाच प्रोमो, तीस वर्षांपूर्वीचा. तिथल्या प्रक्षेपण नियामकांनी त्याच्या तक्रारी मान्य केल्या, पण भरपाई देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. शेवटी जानेवारी २००३ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि ११,८०० युरो भरपाई दिली. भारतात तो निकाल बंधनकारक नाही. पण आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे वेडेपणा नाही ना आपला?" तेवढ्यासाठी तो वाचणं कामी आलं.

दुसऱ्या पायरीवर मी जवळजवळ घसरले. स्वनियामक मंडळ एकच नाही. बातम्यांच्या वाहिन्यांपैकी काही एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या एका संघटनेच्या मंडळाच्या कक्षेत येतात, काही दुसऱ्या संघटनेच्या मंडळाकडे. मनोरंजनाच्या वाहिन्यांचं बीसीसीसी वेगळंच. आपली वाहिनी कुणाची सदस्य आहे ते आधी बघायचं. माझा पहिला अर्ज चुकीच्या मंडळाकडे गेला, त्यांनी चार दिवसांनी सभ्यपणे परत पाठवला. आमचं मंडळ कोणतं ते लिहीत नाही, कारण त्यावरून वाहिनी कळेल, आणि ती न सांगण्याची बोली आता मी दिली आहे. तिथवर येतेच.

एक महत्त्वाचं. मंडळाच्या अर्जात 'हा विषय कोणत्याही न्यायालयात प्रलंबित नाही' असं लिहून द्यावं लागलं. म्हणजे आधी कोर्टात गेलात तर मंडळाचं दार बंद. वकीलबाईंनी म्हणून क्रम ठरवला : आधी मंडळ, कोर्ट नंतर. दाव्याची मुदत हातात होती. मानहानी असती तर एकच वर्ष मिळालं असतं.

वाहिनीच्या उत्तरापासून पंधरा दिवसांत अपील करायचं असतं. धुळवडीच्या आधी, १० मार्चला केलं. पाडवा आला. आई दर वर्षी गुढी गॅलरीत बांधते, यंदा खोलीतल्या खोलीत उभारली. सोसायटीत तिला कुणी वाकडं बोललं नव्हतं. उलट समोरच्या काकू रोज डबा आणून देत होत्या, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

सुनावणी २४ एप्रिलला, व्हिडिओ कॉलवर. ज्या बाईला व्हिडिओ कॉलवरच लुटलं होतं, तिला व्हिडिओ कॉलवर न्याय मागायला बसायचं होतं. सकाळपासून तिचे हात गार पडले होते. दुवा खरा आहे ना, समोरचे खरे आहेत ना, असं तिनं तीनदा विचारलं. मी मंडळाच्या कार्यालयात फोन लावून तिच्या कानाला दिला आणि खात्री करून घ्यायला लावली. तुमच्याही घरी असं कुणी असेल तर हे करा, कुणी हसत नाही.

पंचवीस मिनिटं चाललं. इंग्रजी आणि हिंदी. वाहिनीच्या वकिलांनी जनहितावर बराच वेळ घेतला. मी तयारी करून गेले होते, पण मुद्दा आईनंच मांडला, तिच्या शाळेतल्या हिंदीत : "बात बताना जनहित है, यह मैंने ही सोचा था, इसीलिए बोली. मेरा चेहरा बताने में किसका हित है?" अध्यक्षांनी वाहिनीला विचारलं की बातमीपत्रात झाकता आलं, ते प्रोमोत का नाही. उत्तर पुन्हा 'अनवधान'. मग आवाजाचं विचारलं. त्यावर वाहिनीकडे अनवधानसुद्धा नव्हतं. आवाजाची अट आपल्याला माहीतच नव्हती, असं ते म्हणाले. मी स्क्रीनशॉट वाचून दाखवला. तिकडे बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज येत होता.

आदेश २२ मे रोजी ईमेलनं आला. साठ दिवसांची मुदत टळून गेली होती. खासगीपणाच्या तत्त्वाचा भंग झाला, वाहिनीला ताकीद, सात दिवसांत सगळ्या माध्यमांवरून व्हिडिओ काढून कळवावं. जाहीर माफीचा आदेश नव्हता. मंडळानं दंड केला असता तरी तो आम्हाला मिळाला नसता. शिवाय अशा आदेशांच्या शेवटी स्पष्ट लिहिलेलं असतं की यातले निष्कर्ष फक्त प्रक्षेपणाच्या निकषांपुरते आहेत, दिवाणी-फौजदारी जबाबदारीचे नाहीत. पेकच्या बाबतीत झालं तेच. मला वाटलं, इथं थांबावं. आई म्हणाली, "लेखी कुठं दिलंय त्यांनी?"

तोवर माझे जवळपास एकवीस हजार गेले होते : वकील, नोटीस, रजिस्टर पोस्ट, प्रिंट, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं ६५-ब आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ झालंय. त्यात एक भाग आपण भरायचा आणि एक तज्ज्ञानं, आणि फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे ती नंतर बदलली नाही हे ताडून बघायचा सांकेतिक क्रमांक, लिहावं लागतं. त्या तज्ज्ञानं साडेसात हजार घेतले. हॅश मूल्य काढून ठेवल्यावर फाईलला हात लावू नका. मी त्याचीच एक प्रत कापून 'चांगली' केली होती, ती वाया गेली.

दाव्याची कोर्ट फी आणि वकिलाची फी ऐकून मी गारच पडले. तेव्हा वकीलबाईंनीच, स्वतःचं काम जात असताना, सांगितलं की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यात उत्पन्नाची अट नाही. आईला पेन्शन आहे, घर आहे, तरीही ती पात्र. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या खिडकीवर आधार कार्ड, अर्ज आणि थोडक्यात हकिकत दिली. खिडकीतल्या बाईंनी आईला खुर्ची दिली आणि मला उभं ठेवलं, अर्जदार ती म्हणून. बरोबरच होतं. जाताना पाण्याची बाटली न्या, आणि झेरॉक्स घरूनच काढून न्या. कोर्टाच्या दारातली रांग वेगळी जत्रा असते.

दावा दाखल करण्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करू, असं नेमून दिलेले वकील म्हणाले. तरुण होते, जरा घाईत असायचे, पण फाईल वाचून यायचे. वाहिनीला नोटीस गेली. जूनची पहिली तारीख पालख्यांच्या बंदोबस्तात गेली. दुसऱ्या तारखेला वाहिनीकडून कुणीच आलं नाही. तिसऱ्या तारखेला, जुलैच्या शेवटी, मुंबईहून त्यांच्या कायदा विभागाच्या एक बाई आल्या. मंडळाच्या आदेशाची प्रत त्यांनी स्वतःच आणली होती, पिवळ्या रेघा मारलेली. मध्यस्थांनी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून विचारलं. आईनं पुन्हा तेच सांगितलं, लेखी हवं. पैशाचा आकडा वकिलांनी घातला, आणि मी आईला गप्प बसायला सांगितलं, ते आयुष्यात पहिल्यांदा.

१२ ऑगस्टला समझोत्यावर सह्या झाल्या. वाहिनीनं आईच्या नावे लेखी माफी द्यायची, मूळ फुटेज नष्ट केल्याचं शपथपत्र द्यायचं, ठरलेली रक्कम सहा आठवड्यांत द्यायची. आणि शेवटचं कलम : दोन्ही पक्षांनी वाहिनीचं नाव व रक्कम गोपनीय ठेवायची. ते वाचून आई माझ्याकडे बघून हसली, बऱ्याच महिन्यांनी. "आपण पाळू हं," म्हणाली. म्हणून नाव नाही आणि आकडा नाही. खर्च निघाला आणि थोडं उरलं, इतकंच सांगते. फसवणुकीत गेलेल्या पैशांच्या जवळपासही नाही.

पत्र गणपतीच्या आदल्या दिवशी आलं. आईनं ते फ्रेम वगैरे केलं नाही, पेन्शनच्या फाईलमध्ये ठेवलं. दादाला मात्र त्याचा फोटो स्वतःच पाठवला.

दोन गोष्टी राहिल्या. कॅमेऱ्यासमोर बसायच्या आधी अट स्वतःच्या हातानं लिहून बातमीदाराला पाठवा आणि त्याचं 'हो' येईपर्यंत माईक लावू देऊ नका. आमच्या वेळी त्या मुलानं आपणहून लिहिलं, हे आमचं नशीब. आणि मागे काय दिसतंय ते बघा : पाटी, कॅलेंडर, फोटो, खिडकीतून दिसणारी शेजारची इमारत. आईच्या दारावरची बाबांच्या नावाची पाटी मी फेब्रुवारीत उतरवली होती. ती अजून माळ्यावर आहे. लाव म्हणते, मग म्हणते राहू दे.

वाहिनीनं तिच्या बाजूनं सगळं काढलंय, तपासून बघितलं. पण तो प्रोमो तीन दिवस लोकांसमोर होता. मी दर रविवारी सकाळी शोधते. गेल्या रविवारी आणखी एक सापडला, कुठल्या तरी सावधगिरीचे व्हिडिओ करणाऱ्याकडे, वर हिंदी निवेदन चढवलेलं. चेहरा चौथ्या सेकंदाला येतो. आईच्या शेजारी बसून अर्ज भरला; अठ्ठेचाळीस तास उद्या दुपारी संपतील.